दोन एकर की एक सही

मी, माणिकराव नरसिंग मेत्रे, वय सत्तेचाळीस, मूळ गाव मंठाळ, तालुका बसवकल्याण, हल्ली मुक्काम गुलबर्गा, व्यवसाय सरकारी इंजिनियर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही मानगूट न धरता लिहून ठेवतो. मंगळवारी सोलापुरात माझ्या हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ हा शब्द ऐकला की इंजिनियर माणूस कागद काढून बसतो.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी शोभाबाई हिची. तिने या घराचा माझा नकाशा तीनदा नापास केला आणि स्वयंपाकघराची खिडकी स्वतः खडूने आखून दिली. घरात तेवढी एकच खिडकी नीट उघडते. मात्र पुढची खोली दर रविवारी सकाळी आमच्या बौद्ध अभियांत्रिकी विद्यार्थी मंडळाला मोकळी ठेवावी.

२. त्या खोलीतली हातांची खुर्ची आणि माझा आकडेमोडीचा स्लाइड रूल कुमारी वच्छला हिला द्यावा. ती इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मंडळातली पहिली मुलगी आहे. स्लाइड रूल मेव्हणे किशनराव यांच्या हाती लागू नये. ते त्याने पाठ खाजवतात.

खुर्चीचे महत्त्व सांगतो. १९६३ साली आम्ही पाच पोरांनी मंडळ काढले. घरी मराठी, बाजारात कानडी, बसस्टँडवर उर्दू, आणि मुलाखतीला गेलो की तिन्ही गायब. म्हणून रविवारी खोटी मुलाखत सुरू केली. माझा आवाज जाड, म्हणून 'साहेब' मी. नियम असा की साहेबाने वाटेल तसे टोचावे, उमेदवाराने चिडू नये आणि शेवटी सगळ्यांच्या कपबशा साहेबाने धुवाव्यात. माझ्यापुढे घाम पुसून गेलेले एकतीस जण आज इंजिनियर आहेत. कोणी वीज मंडळात, कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, दोघे कॉलेजात शिकवतात, आणि एक मस्कतहून लिहितो की इथले ऊन म्हणजे आपले गुलबर्गाच. मी सव्वीस वर्षे कपबशा धुतोय! याहून मोठी बढती मला खात्यात मिळाली नाही.

३. आता अंकुशराव बळीराम शिंगे. गाव निंबर्गा, हल्ली अफजलपूर. आम्हा पाचांत सगळ्यांत हुशार. मी त्याला पढवले होते की साहेब 'बसा' म्हणाला तर तो सापळा समज, तीनदा म्हटल्याशिवाय टेकू नकोस. १९६५ साली बंगलोरला खरी मुलाखत झाली. समोर एक म्हातारे, मायाळू गृहस्थ होते. त्यांनी दोनदा 'बसा' म्हटले, चहा मागवला. अंकुश खांबासारखा उभा. त्यांना वाटले, पोरगा मग्रूर आहे. नोकरी गेली. परत येऊन तो माझ्या दारात म्हणाला, "माणक्या, शिव्या खायला शिकवलास, चहा प्यायला कामून शिकवला न्हाईस?"

त्यानंतर चोवीस वर्षे अबोला. अफजलपुरात त्याने पंपांचे वर्कशॉप टाकले आणि निम्म्या तालुक्याच्या उसाला पाणी पाजले. पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला तरी वाढप्याला म्हणतो, "त्यांना सांगा, डाळ सरकवा." मीही वाढप्यामार्फतच सरकवतो. चूक माझी होती. त्या खुर्चीत मला फार मजा येत होती, म्हणून मी वाहवत गेलो. सबब, मंठाळची माझी दोन एकर जमीन विहिरीसकट अंकुशरावला द्यावी.

त्यालाच साक्षीला बोलवायचे मी ठरवले होते. विरुपाक्ष वकिलांनी डोक्याला हात लावला. "अण्णा, साक्षीची सही केली तर त्याला जमीन मिळायची न्हाई. कायदा हाय." मी आनंदाने खुर्चीतून उठलोच! म्हणजे आता दोन वाटा झाल्या. न आल्यास जमीन त्याची, माझे तोंडही बघायला नको. आज रविवारी येऊन माझ्यासमोर सही केल्यास जमीन मंडळाची. या मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्याची नक्कल त्याला गेल्या सोमवारीच रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे.

शोभाबाई म्हणते, "दोन एकर सोडून तुमचं तोंड बघायला कोण यायलंय?" मला जमीन वाचवायची नाही. मला तो यायला हवा आहे. आज दुपारी बारापर्यंत दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवावी. त्यानंतर शेजारचे सिद्धलिंगप्पा सही करतील. ते सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले आहेत.

४. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा व्हावा. भाषणे आठ मिनिटांच्या वर नकोत. किशनरावांना माईक देऊ नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. हसू आले, तरी तो खरा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

गुलबर्गा, रविवार, १२ नोव्हेंबर १९८९

माणिकराव नरसिंग मेत्रे

साक्षीदार :

१. विरुपाक्ष, वकील, गुलबर्गा.

२. अंकुशराव बळीराम शिंगे, अफजलपूर. माणक्या सही करताना शुद्धीत होता. रडायला होता, ते येगळं. दोन एकरांवर मी पाणी सोडलंय. मंगळवारी सोलापूरला ह्याला मीच घेऊन जायलोय. मरू देत न्हाई. चोवीस वर्षांचं भांडायचं राहिलंय.