मस्कतसाठी हिरवी संत्री

२ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा
सुनीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरनं प्रवासाला साफ नाही म्हटलं. पोरगी मस्कतला, माय इथं. जावई म्हणतात, आईंनाच पाठवा, तिकीट मी काढतो. मी तर एका पायावर तयार. पण हे? "लय दूर आहे वं. समुद्रापार. एकटी कशी जाशीन?" झालं, विषय बंद! संध्याकाळी भाकरी अशा आपटल्या की शेजारीण डोकावून गेली.

४ नोव्हें.
बोरगावचा दिलीप जावयांच्याच कामावर आहे. सुट्टी संपवून परवा परत चालला. सुनीला घरच्या संत्र्यांचे डोहाळे लागले, तर एक पेटी नेतो म्हणाला. गुणाचं पोरगं.
यांचा हिशोब ठरलेला. नागपूरला माल जायचा तर पिवळा तोडायचा, दिल्लीला अर्धा हिरवा, कलकत्त्याला त्याहून हिरवा. वाटेत रंग धरतो. आता मस्कत म्हटल्यावर बागभर फिरून यांनी हिरवीगार, टणक संत्री तोडली. मी म्हटलं, "अहो, लिंबं पाठवून राहिले का?" तर म्हणे, "तुले काय समजते? कलकत्त्याच्याही पल्याड आहे ते." तणसात बसवून पेटी ठोकून टाकली.

१३ नोव्हें.
आडतवाल्या काकांकडे सुनीचा फोन! हे बोलत होते, मी मधेच कान लावला. पोरगी हसून हसून बेजार. "बाबा, दिलीपभाऊ मुंबईले विमानात बसला अन् तीन तासाच्या आत इथं उतरला. संत्री जशीच्या तशी हिरवी! दात आंबले माहे." यांचा चेहरा पाहण्यासारखा. "तीन तास?" दोनदा विचारलं. मग सुनीच म्हणाली, "पण मले आंबटच पाहिजे होतं. अर्धी पेटी म्याच खाल्ली."
घरी येताना फक्त एवढंच म्हटलं, "अहो, पॅसेंजर तिगावले अडकली की नागपूरले पोचाले किती वेळ लागते?" यांनी चालच वाढवली. नागपूरला मी एकटी कितीदा गेले आहे.

१७ नोव्हें.
हेच घेऊन गेले फोटो काढायला! पासपोर्टचा अर्ज भोपाळला रवाना. फोटोवाला म्हणे, बाई, हसू नका. आता कसं नाही हसायचं?

१४ डिसें.
विहिरीजवळचं झाड राखून ठेवलं. व्यापाऱ्याला बजावलं, याला हात लावायचा नाही, याची संत्री माझ्यासोबत जाणार. फळ पिवळा रंग धरून राहिलं आणि पासपोर्टचा पत्ता नाही. पोस्टमन आता मला पाहून दुरूनच मान हलवतो. मेला!

२८ डिसें.
सुनीला नववा लागला. झाड पिवळंधम्मक. जीव नुसता वरखाली. मी नाही पोचले तर पोरीच्या उशाशी कोण बसणार?
सकाळी झाडाखाली दोन संत्री पडलेली दिसली. दुपारी जेवायला बोलवायला गेले तर हे गोफण घेऊन त्याच झाडाखाली बसलेले, पोपट हाकलत.
"चला, जेवण थंड होऊन राहिलं," म्हटलं.
"तू आधी पोस्टमनले पाहून ये. म्या येथून हालत नाई." मग वर झाडाकडे पाहून म्हणाले, "मस्कतले पिवळीच जातीन."