अठरावा तक्ता

२० जानेवारी
धाटावच्या केमिकल कंपनीत आजपासून नोकरी! जोहे गावच्या मूर्ती-कारखान्यात गणपती रंगवायला आता माझ्या जागी दुसरी समीक्षा शोधा म्हणावं. काम सोपं आहे. प्रत्येक रसायनाचा इंग्रजी सुरक्षा तक्ता मराठीत करायचा आणि लॅमिनेट करून प्लांटमधल्या लाल पेटीत ठेवायचा. लाइट, नेट काहीही जावो, रसायन सांडलं तर काय करायचं ते हाताशी हवं. जुने ऑपरेटर दिनानाथकाका, त्यांचा इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. म्हणाले, "आता आमाला वाचता येल गो!"

३१ जानेवारी
उद्या माघी गणपती. पाचची पेण गाडी गाठायची आणि अठरावा तक्ता बाकी. सतराव्याचाच मजकूर घातला, वरचं नाव बदललं, सही ठोकली. सोमवारी नीट करीन.

१० फेब्रुवारी
राहूनच गेलं.

१४ फेब्रुवारी
सकाळी लाइट गेली, नेट गेलं आणि अठरा नंबरचा ड्रम गळला. काकांनी पेटीतला माझा तक्ता वाचला आणि भरपूर पाणी मारलं. त्यावर कोरडी वाळू टाकायची असते. पाण्याने भडका उडाला. काकांचे डोळे गेले.
लाइट येताच धावपळीत मी बरोबर तक्ता छापून पेटीत ठेवला. चुकीचा घरी आणून जाळला. मला माझीच किळस येते.

१५ फेब्रुवारी
साहेबांनी ठरवलं, दिनानाथने तक्ता वाचलाच नाही. त्याला काढायचं. मी मान डोलावली. काकांच्या बायकोचा, सगुणाकाकींचा फोन आला. रडत होत्या: "वाचल्याबिगर हात नाय लावला गो त्यांनी!" मी फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी
जाळलेला तक्ता पेटीत आहे. माझी सही. फाडला.

१९ फेब्रुवारी
परत आलाय. बाकीच्या तक्त्यांवरही तेच — पाणी मारा, पाणी मारा. प्लास्टिकच्या आतून बोटांचे ठसे — कुणी चाचपडत वाचल्यासारखे —

२१ फेब्रुवारी
पेटीत नवा तक्ता. पदार्थ: समीक्षा. लक्षणे: डोळ्यांची आग, जीभ जड. उपाय: खरं सांगणे.
आग होतेय. साहेबांच्या दारापर्यंत गेले. परत आले. शी!

२४ फेब्रुवारी
दिसत नाही. अंदाजाने लिहितेय. आवाज ओळखले, काका आलेत, सोबत सगुणाकाकी. साहेबांना सांगतायत, पोरीचा कागद खोटा नसनार, मीच चुकलो असंन —
नको, काका —
तोंड उघडतेय, आवाज नाही — लिहूनच देते — साहेब, काकांनी बरोबर वाचलं. चुकीचं लिहिलं होतं ते मी