एकतीस तारखेची गोफण

गुरु., ९ ऑक्टो.

प्रकाशच्या दाराला टांगलेला सांगाडा आज मोडला. मी. मधोमध दोन तुकडे केले आणि कवटीवर पाय दिला. त्याची ड्रिल मशीन परत द्यायला चौथ्या मजल्यावर उतरलो होतो, दार बघितलं आणि डोकंच फिरलं. हॅलोविनचा सांगाडा! दुसऱ्या कुणाच्या दारावर असता तर मान फिरवून गेलो असतो. हा आमच्या मराठी प्रार्थना गटातला माणूस. याच्या घरी आम्ही गुडघे टेकतो.

प्रकाश बाहेर आला. सहा फूट दोन इंच, आखातात आल्यापासून हमरिया फ्री झोनमधून ट्रेलर चालवतो, पंजा फावड्याएवढा. "विन्या, प्लास्टिकचं आहे रे, पोरांनी लावलंय." म्हटलं, सैतानाला प्लास्टिकही चालतं. त्याने कॉलर धरली, मी त्याची धरली. त्याने मला भिंतीला असं दाबलं की टाचा जमिनीवरून सुटल्या. त्याची बायको सुरेखा मधे पडली, "भावजी, सोडा, पोरं बघतायत!" मीच सोडू? धरलं होतं कुणी? बिल्डिंगचा राखणदार, नातूर, झाडू घेऊन आला आणि खलास, खलास म्हणत तुकडे भरून घेऊन गेला. शर्टाची दोन बटणं गेली.

घरी करुणा म्हणाली, "चर्चचे पाळक झालात का तुम्ही?" शेरॉन (वय ११, तोंड २३चं) मागून: "पपा, एव्हरीबडी इज गोइंग."

शुक्र., १० ऑक्टो.

गटाची प्रार्थना आमच्याकडे. सहा घरं. प्रकाशशी हात मिळवला, सगळ्यांसमोर. त्याने जरा जास्तच जोरात दाबला, मीही.

विषय एकच. ३१ला बिल्डिंगमधली पोरं दारोदार चॉकलेटं मागत फिरणार, आपण काय करायचं? साळवे म्हणाले, दिवे घालवून गप्प आत बसू. म्हणजे आपल्याच घरात चोरासारखं! सुरेखावहिनी म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावरचे गोव्याचे लोक चॉकलेटंही वाटतात आणि दोन दिवसांनी मेलेल्यांसाठी चर्चमध्ये मिसालाही जातात, त्यांचं काही बिघडलं नाही. प्रकाश म्हणाला, "चॉकलेट खाल्लं म्हणून पोरगं सैतानाचं होत नाही." मी उभा राहून बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, मोठ्याने बोललो एवढं नक्की.

शेवटी तोडगा करुणाने काढला. त्याच दिवशी दुपारी चारला आपलाच कार्यक्रम. पोरांनी पवित्र शास्त्रातली सोंगं घ्यायची, नाटुकली करायची, मग जेवण. बिल्डिंगमागचं रेतीचं मैदान आहेच. सगळ्यांना पटलं. मला तर फारच. नाव मीच दिलं: प्रकाशाचा दिवस. प्रकाश हसला, "माझ्या नावाने? वा." हसण्यासारखं काय होतं.

मंगळ., १४ ऑक्टो.

पोरांना कोण व्हायचंय त्याची यादी आली. साळव्यांच्या मुलीला ती तंबूवाली बाई, जी झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात मेख ठोकते. तिच्या भावाला ताटात ठेवलेलं मुंडकं व्हायचंय, टेबलाला भोक पाडून मिळेल का असं विचारतोय. एकालाही कोकरू व्हायचं नाही.

संध्याकाळी शेरॉनच्या दप्तरात प्लास्टिकचे सुळे सापडले. रक्तपिशाच्चाचे. मैत्रिणीने दिले म्हणे. थोबाडीत मारली. जोरात. पाच बोटं उठली. ती रडली नाही, गालाला हातही लावला नाही. म्हणाली, "यू हिट मी फॉर टीथ."

करुणा तेव्हापासून बोलत नाही. भांडी बोलतायत. मी बेसिनशी तोंड धूत बसलो आणि माझाच हात मला बघवेना. असाच हात माझ्या बापाचा होता.

शनि., १८ ऑक्टो.

चार दिवस पोरगी हूं आणि हां. आज जेवताना म्हटलं, नाटकात तू मेंढपाळ हो, तो राक्षसाला लोळवणारा. मुलीने मुलाचं काम केलं तर काय बिघडतं. "वुइथ अ स्लिंगशॉट?" तिने विचारलं. म्हटलं, बेचकी नाही गं, गोफण. खरी. मी करून देतो.

कामावरच्या गोदामातून सुती दोरी आणली होती. विणायला बसलो आणि बोटांना सगळं आठवलं. मधे पट्टा विणायचा, एका टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसरं टोक मोकळं. शेवगावला ज्वारीत माळ्यावर बसून दादा पाखरं हाणायचे. नवव्या वर्षी मीही धावतं डुक्कर टिपलं होतं. शेरॉन मांडी घालून शेजारी बसली. तिने टॅब बाजूला ठेवला, मी न सांगता. दीड तास! इथे आल्यापासून असं झालं नव्हतं.

राक्षस, म्हणजे तो पलिष्टी, प्रकाशच होणार. त्या उंचीचं गटात दुसरं कोण आहे?

रवि., १९ ऑक्टो.

दुपारी कॉर्निशला, समुद्राकाठच्या रस्त्याच्या पार टोकाला, जिथे माणसं नसतात. बांधाच्या दगडांजवळ एक गंजका डबा ठेवला. पहिले दहा गोटे समुद्रात गेले, एक जवळजवळ माझ्या गुडघ्यात. मग मनगट कधी सोडायचं ते तिला कळलं. तीनदा ठण्ण. तिसऱ्या वेळी डब्याला पोचा पडला, आरपार होता होता राहिला. ती माझ्या गळ्यातच पडली.

नाटकात कागदाचा बोळा वापरायचं ठरलंय. तिने बोळा करून बघितला, चार हातांवर पडला. "पपा, दिस इज सो लेम." मी म्हटलं, कागदाने पलिष्टी मरतो का? आणि एक गोटा निवडून तिच्या हातावर ठेवला. सुपारीपेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत. म्हटलं, हा ठेव. लांबून मार, चिलखतावर मार, काही होत नाही त्याला, रेडा आहे तो. आवाज कसा येतो बघ.

डबा वाजत होता तेव्हा डोळ्यांसमोर प्रकाशचं कपाळ येत होतं. लिहून ठेवतो. वहीतही खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला.

मंगळ., २१ ऑक्टो.

शेजारच्या कुलकर्ण्यांकडे दिवाळी. बाल्कनीत आकाशकंदील. चकल्या खाल्ल्या, चांगल्या सात-आठ. परत येताना शेरॉन: "हाऊ कम दिवाली इज ओके?" म्हटलं, ते शेजारी आहेत. "सो इज हॅलोविन, पपा. इट्स ऑल नेबर्स." झोप म्हटलं.

शुक्र., ३१ ऑक्टो.

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

चारला सुरू. सतरंज्या, वरण-भात, करुणाने केलेलं मटण. साळव्यांच्या मुलीने मेख ठोकली, टोमॅटो सॉसची आख्खी बाटली रिकामी केली, सगळे हसले. ताटातलं मुंडकं मधेच शिंकलं. सुरेखावहिनी म्हणाल्या, "भावजी, यापेक्षा तो सांगाडा बरा होता." मीही हसलो. खरंच हसलो.

मग प्रकाश. अंगावर अॅल्युमिनियम फॉइलचं चिलखत, हातात पडद्याचा रॉड, डोक्यावर कामावरचं हेल्मेट. गर्जत आला, यल्ला, चला, कोण आहे रे माझ्याशी लढणारा! लहान पोरं ओरडून मागे पळाली. फोटोत चेहरा येत नाही म्हणून कुणीतरी सांगितलं आणि त्याने हेल्मेट काढून बगलेत धरलं. शेरॉनने गोफण फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आवाजावरूनच मला कळलं. कागद असा घुमत नाही. मला ओरडता आलं असतं. एका फेऱ्याएवढा वेळ होता. मी ओरडलो नाही.

डावा डोळा.

तो गुडघ्यावर आला, मग आडवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं, काय पडलाय! बोटांमधून रक्त आलं, तेही सॉसच वाटलं. आणि त्याचाच धाकटा, सहा वर्षांचा, गोष्टीत पुढे जसं आहे तसं प्लास्टिकची तलवार घेऊन धावला आणि बापाच्या मानेवर घाव घालायला लागला. एक, दोन, तीन, चार. खदाखदा हसत. मग प्रकाशच्या घशातून जो आवाज निघाला तसा मी कसायाकडेही ऐकलेला नाही. पोरगं तलवार टाकून जागीच मुतलं.

त्यानंतर मी काय केलं? सगळ्यांच्या देखत शेरॉनचा दंड धरून गदागदा हलवला आणि ओरडलो, "दगड कुठून आणलास?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी हात उचललेला होता, करुणाने तो वरच्या वर धरला.

शनि., १ नोव्हें.

हॉस्पिटल. डोळ्याच्या आत रक्त साचलंय. डॉक्टर म्हणतात, ते उतरल्याशिवाय दिसेल की नाही सांगता येत नाही. इन्शाल्ला, म्हणतात. एका डोळ्यावर ट्रेलरचं लायसन्स राहत नाही. लायसन्स गेलं की नोकरी, नोकरी गेली की व्हिसा. मुलं शाळेत आहेत. सुरेखावहिनी एवढंच मोजत बसल्या होत्या, पुन्हा पुन्हा.

पोलीस आला, जखम बघून हॉस्पिटलनेच बोलावला. प्रकाशने सांगितलं, मुलांचा खेळ होता, तक्रार नाही. मी दाराशी उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

गटाच्या ग्रुपवर साळवे: चांगल्या कार्यात सैतान आड आला. दुसऱ्या कुणाचं: विनयभाऊ, मुलीला समज द्या, येत्या प्रार्थनेत तिने उभं राहून क्षमा मागावी. मी उत्तर दिलं: हो, नक्की. अंगठ्याने टाइप केलं हे, माझ्याच.

मंगळ., ४ नोव्हें.

प्रकाशला घरी आणलं. डोक्याला उशा लावून अर्धवट बसवलंय, आडवं व्हायचं नाही. अर्धा चेहरा पट्टीत, उरलेला सुजून काळानिळा. मी खुर्चीवर. तो म्हणाला, "पोरीला बोलू नको रे. नेम बघ ना तिचा, कसला! कुणी शिकवला?"

मी म्हटलं, मीच. "गावाकडचा हात," तो म्हणाला आणि हसायला गेला, दुखलं म्हणून थांबला. त्याच क्षणी सांगायचं होतं. गोटा, निवडलेला, रेडा म्हणून, सगळं. तेवढ्यात धाकटा दाराशी आला आणि आत यायला तयार होईना. बापाला घाबरतोय. प्रकाशने हात पुढे केला तसा पळाला. प्रकाश उरलेल्या डोळ्याने रडला. एवढा मोठा माणूस. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो आणि घरी आलो.

करुणाला दगडाचं माहीत नाही. तिने शेरॉनला दहा वेळा विचारलं. शेरॉन म्हणते, "आय फाउंड इट." रोज तेच, न चुकता.

आज शेरॉनच्या खोलीत गेलो. म्हटलं, तू मम्मीला खरं का सांगत नाहीस? तिने वहीतून मान वर केली नाही. "बिकॉज देन शी विल नो यू सॉ."

म्हणजे काय, विचारायची हिंमत झाली नाही. मला माहीत आहे म्हणजे काय. गोफण फिरवताना ती माझ्याकडेच बघत होती. मी थांबवेन म्हणून वाट बघत होती की काय?

शुक्र., ७ नोव्हें.

प्रार्थना प्रकाशकडेच, तो बाहेर पडू शकत नाही म्हणून. शेरॉनला मधे उभं केलं. शाळेच्या कागदावर लिहून आणलं होतं, मराठीत, कधी नव्हे ते. अंकल, मला दगड खाली सापडला. मला वाटलं लागणार नाही. मला क्षमा करा. अक्षर वाकडं, काने-मात्रा करुणाने सुधारलेले. साळव्यांनी आमेन म्हटलं. बायका डोळे पुसत होत्या.

मी उठलो. खरंच उठलो, गुडघे कट्कन वाजले. सगळ्यांना वाटलं, बाप म्हणून दोन शब्द बोलणार. तोंड उघडलं, "तो दगड" एवढं निघालं.

शेरॉन म्हणाली, "पपा, सिट डाउन."

रागाने नाही. मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं. मी बसलो.

प्रकाशने तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिच्या हातांसाठी. ते हात आशीर्वादित कर म्हणाला. ती ताठ उभी होती. करुणा मात्र डोळे मिटायच्या वेळी माझ्याकडे बघत होती. "तो दगड" काय, असं अजून विचारलेलं नाही. विचारेल.

रवि., ९ नोव्हें.

उद्या सकाळी प्रकाशची तपासणी. पट्टी काढणार, तक्ता वाचायला लावणार. सुरेखावहिनींना कामावर सुट्टी नाही, म्हणून गाडी मी काढणार आहे. शारजापर्यंत त्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास जायला, पाऊण यायला.

सांगायचं, हे ठरलं. आज गुडघ्यांवर बसून ठरवलं, प्रभूसमोर, आता मागे फिरणार नाही. पण जाताना की येताना? जाताना सांगितलं तर डोळ्यांत पाणी, डोक्यात राग घेऊन तो तक्त्यासमोर बसणार. शिवाय तो पोलिसाकडे गेला तर जाऊ दे, पण माझ्या शेजारी कोंडून पाऊण तास काय करेल? गळाच धरेल, धरू दे. येताना सांगितलं तर निकाल बघून सांगितल्यासारखं. डोळा वाचला असला तर फुकटची कबुली. गेला असला तर... तेव्हा मला तोंड उघडता येईल, असं मला वाटत नाही. मी मला ओळखतो.

म्हणजे जाताना. साडेसातला निघायचं.

आत्ता प्रकाशचा मेसेज आला, करुणाच्या फोनवर. शेरॉनच्या शाळेला उद्या सुट्टी आहे ना, तिलाही आणा, पोरीला घोर लागलाय, माझा डोळा उघडताना ती समोर असली तर तिलाही बरं वाटेल. करुणाने मला न विचारता हो कळवलं. शेरॉनने उद्यासाठी बूट काढून दाराशी ठेवले.

ती मागच्या सीटवर असणार.