शेवटच्या रांगेतली आई

आई, वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. नवं नाटक बसवतेय.

तालमीत नटांचा आवाज पडला की मी ओरडते, "शेवटच्या रांगेत माझी आई बसलीय, तिला कमी ऐकू येतं!" वीस वर्षं हेच चाललंय. काल नवी नटी खरंच चहा घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "आई कुठे गेल्या?" सगळे खो खो हसले. मला मात्र हसू येईना. तो चहा मी तिथेच बसून प्यायले.

कानातलं यंत्र वापरतेस की डबीतच ठेवतेस? परवा फोनवर ताप आल्याचं सांगितलं, तर "छान झालं" म्हणालीस! म्हणून हे पत्र. ताप उतरलाय.

पहिल्या प्रयोगाला ये. तुला पहिल्या रांगेत बसवीन. नटांना मात्र सांगणार नाही.

तुझीच,
थोरली