ढब्बूचे पाऊल आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, आधी कशिद्याचे नमुने काढणारी आणि पुढे त्याच हाताने व्हिडिओ गेममधली माणसे काढणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिलाच आहे. शिवाय खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरून मागच्याच महिन्यात वन्संशी माझा वाद झाला आणि त्यात मी जिंकले, हाही पुरावा सोबत धरावा. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. यजमान आता नाहीत. वन्सं आहेत, आणि या कागदातला निम्मा मजकूर त्यांच्यापायीच लिहावा लागतो आहे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. मात्र पुढची उन्हाची खोली, तिथला टीव्ही आणि खुर्ची यांवर वन्संचा हयातभर हक्क राहील. "आत्या, तुला मागची खोली जास्त शांत पडेल," असे मुलीने किंवा जावयाने कितीही गोड आवाजात सुचवू नये. वन्संना शांतता नकोच असते. त्यांना रस्त्यावर कोण कोणाशी भांडते आहे ते दिसायला हवे असते.

२. बँकेत जे काही असेल त्यातून आधी वन्संचे औषधपाणी व्हावे. उरेल ते मुलीचे.

३. माझे काचेचे टेबल, पेन्सिली आणि चौकटीच्या कागदांचे गठ्ठे मुलीच्या ऑफिसातल्या तरुण चित्रकार बाईंना द्यावेत. याच बाईंनी आमच्या जुन्या गेमच्या नव्या आवृत्तीत, मी काढलेल्या ढब्बूची कंबर बारीक केली. मी पाहिले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण आकाश तिने फार सुंदर रंगवले आहे, इतके की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तेव्हा पेन्सिली तिलाच द्याव्यात, आणि कंबर पूर्ववत करायला सांगावे.

४. आता ढब्बूविषयी. वकीलबाई म्हणतात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी स्पष्ट लिहा. 'ढब्बूची धावपळ' हा गेम मी आणि यजमानांनी मिळून केला. वाऱ्याने दोरीवरचे कपडे उडून जातात आणि ढब्बू नावाची एक जाडजूड बाई या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत ते गोळा करते, एवढीच गोष्ट. चित्रे माझी. कशिद्यात टाका टाका मोजून फूल काढतात, तसा चौकोन चौकोन भरून मी माणूस काढत असे. तो पळवायचे आणि उडवायचे काम यजमानांचे. वन्सं तेव्हा कपड्यांच्या धुलाई कारखान्यात इस्त्रीला होत्या. ढब्बू कोणावरून काढली हे मी कधीही कबूल केलेले नाही, आणि मरणोत्तरही करणार नाही. वन्संनी पहिल्यांदा तिला पाहिले तेव्हा आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. नंतर मात्र कारखान्यातल्या बायकांना घरी आणून आणून दाखवू लागल्या.

या गेमचे सर्व हक्क मी मुलीला देते. ती ज्या कंपनीत काम करते तीच त्याचा रीमेक करते आहे आणि प्रोग्रॅमिंगची प्रमुख तीच आहे. रंग बदला, संगीत बदला, पाहिजे तर नवी छपरे घाला. जुने ते सगळे सोने असे मानणाऱ्यांतली मी नाही. आमच्या काळात आकाश एकाच रंगात उरकावे लागे, कारण दुसऱ्या रंगाला मशीनमध्ये जागाच नसे.

फक्त एक अट आहे. ती पुढच्या कलमात लिहिली आहे. ते कलम वाचताना वन्सं खोलीत नसाव्यात. त्यांना चहा करायला पाठवावे. दुसऱ्या कोणी केलेला चहा त्यांना पटत नाही, त्यामुळे संशय येणार नाही.

५. ढब्बूचे पाऊल मुलीने पुन्हा रुंद करावे.

त्याची हकिकत अशी. गेम तयार होत होता तेव्हा खेळून बघायला आमच्याकडे वन्संशिवाय कोणी नव्हते. इस्त्रीच्या कामाने त्यांची बोटे तेव्हाच आखडली होती. छपराची कड आली की त्या बटण दाबत, पण जरासे उशिरा, आणि ढब्बू खाली. पुन्हा, आणि पुन्हा खाली. एका संध्याकाळी त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "हे तुम्हा तरण्यांचं काम आहे रे. मी काही कामाची नाही आता." आईवडिलांच्या पश्चात याच बाईने माझ्या यजमानांना वाढवले होते. स्वतःचे लग्न मागे ठेवले, ते मागेच राहिले. 'काही कामाची नाही' हे शब्द यजमानांना फार लागले.

त्यांनी माझ्या चित्राला हात लावला नाही. पडद्यावर ढब्बूचा बूट होता तेवढाच दिसत राहिला. पण मशीनच्या हिशेबात त्यांनी तिचे पाऊल दोन्ही बाजूंनी एकेक चौकोन रुंद धरले. त्यामुळे बूट कडेच्या बाहेर गेला तरी ढब्बू पडत नसे, उभी राहत असे, आणि उशिरा दाबलेले बटणही लागू पडत असे. दुसऱ्या दिवशी वन्संना सांगितले, "ताई, काल मशीन तापलं होतं, म्हणून तसं होत होतं. आता बस." वन्सं बसल्या आणि शेवटच्या छपरापर्यंत गेल्या. यजमान स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "तिला कळता कामा नये. तुझ्या जिवात जीव आहे तोवर कोणाला सांगू नकोस." त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

पुढे एका मासिकात समीक्षकाने लिहिले की ढब्बू हवेत उभी राहते, प्रोग्रॅमरला साधे मोजमाप येत नाही. यजमानांनी ते हसत हसत वाचले आणि खुलासा केला नाही. त्या समीक्षकाला मी माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही.

नव्या गेममध्ये मुलीने ही 'चूक' दुरुस्त केली. तिला काय ठाऊक? पाऊल बुटाएवढे केले, तेही गोलसर, त्यामुळे कडेवरून ढब्बू चक्क घसरते. मोठ्या हौसेने तिने तो गेम घरी आणला. वन्संनी नवा चष्मा लावला, पुढे सरसावून बसल्या, आणि पहिल्याच छपरावरून पडल्या. पडतच राहिल्या. मुलगी म्हणत होती, "आत्या, सवय होईल गं." वन्संनी कंट्रोलर टीव्हीशेजारी ठेवला, त्यावर रुमाल टाकला आणि म्हणाल्या, "छान केलंयस हो. आकाश छान आहे." तेव्हापासून त्या जुना गेमही लावत नाहीत. माझ्या स्वयंपाकात खोट काढत नाहीत. खिडकीवरून भांडत नाहीत. मी मुद्दाम उघडी टाकली तरी गप्प बसतात. घरात असे चालणे मला सहन होत नाही.

म्हणून, माझ्या पश्चात ते पाऊल होते तसे करावे, आणि का केले ते वन्संना सांगू नये.

पुरवणी. वरील मजकूर वाचून झाल्यावर वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"काकू, हे कागद तुम्ही गेल्यावर उघडायचे, बरोबर?"

"मग? आधी उघडून कसं चालेल?"

"आणि तुमच्या वन्सं तुमच्याहून मोठ्या आहेत ना?"

मी तिथेच कपाळावर हात मारला. दिलेला शब्द पाळायच्या नादात मी वन्संना माझ्या मरणापर्यंत ताटकळत ठेवणार होते. घरी आल्या आल्या बाथरूमची कडी लावून मुलीला फोन केला आणि सगळे सांगून टाकले. यजमानांना काय उत्तर द्यायचे ते मी तिकडे गेल्यावर बघून घेईन. मुलगी म्हणाली, "आई, बाबांची चूक सुधारली म्हणून मी ऑफिसात मिरवत होते गं." आणि रडू लागली. मी म्हटले, रडायचे नंतर, आधी पाऊल.

रविवारी ती नवी प्रत घेऊन आली. आत्याला म्हणाली, "त्या दिवशीच्या गेममध्ये आमच्याकडूनच गडबड झाली होती." वन्संनी आधी आढेवेढे घेतले. मग बसल्या. पहिल्या छपराच्या कडेला ढब्बूचा बूट बाहेर गेला आणि आम्ही मायलेकींनी श्वास रोखला. ढब्बू उभी राहिली. वन्संचे बटण उशिरा लागले आणि ढब्बू उडाली. दुसरे छप्पर, तिसरे छप्पर. वन्संची पाठ ताठ होत गेली. सदरा, चादर, मोजे, सगळे गोळा केले. मुलगी डोळे पुसत पाणी आणायला म्हणून आत गेली.

सबब कलम पाच माझ्या हयातीतच पार पडले असून ते रद्द समजावे. वन्संना सांगू नये, एवढा भाग मात्र कायम आहे.

त्यानंतर वन्संनी कंट्रोलर माझ्या हातात दिला. आयुष्यभर मी ढब्बूला काढले, खेळवले कधीच नव्हते. मी म्हटले, "वन्सं, मला नाही जमायचं. मी पडेन." त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, माझ्या अंगठ्यावर आपला आखडलेला अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, भितेस काय? अगदी कडेला जा. कडेला आलेल्याला ही बाई पडू देत नाही."

लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
२. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली, खिडकी वन्संच्या म्हणण्याप्रमाणे बंद
दिनांक : १० फेब्रुवारी २०२६, मंगळवार