रुमालाखालचा हात

सर,

नववीत तुम्ही मला एक इंग्रजी शब्द फेकून मारला होता, त्याबद्दल बोलायचंय. तुम्हांला जाऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही, मोजलं तर माझंच वय निघेल. वाटूरच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते. धडा वाचायला तुम्ही सरपंचांच्या पोराला उभं केलंत. तो दर ओळीला अडखळत होता, आणि मला ते सहन होईना. हात वर न करताच उठले नि म्हणाले, "सर, बसवा त्याला, मी वाचते." साहेब हसले, तुम्ही नाही हसलात. साहेबांची जीप गेली आणि तुम्ही "व्हॉट ऑडॅसिटी" म्हणून मला शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलंत. उभं राहण्याचं काही नव्हतं, घरी त्याहून जास्त उभी राहायची मी. पण आपल्याला नेमकं काय म्हटलंय तेच कळू नये, याचा फार राग आला.

म्हणून संध्याकाळी तुमच्या खोलीवर आले. तुम्ही लुंगीवर, स्टोव्हला पंप मारताय. मी दारातूनच म्हणते, "डिक्शनरी पाह्यची होती सर. सकाळचा शब्द." गावात डिक्शनरी एकच होती, तीही तुमची. तुम्ही पंप मारायचं थांबवून म्हणालात, "आधी हात धू." ते जाडजूड पुस्तक मी मांडीवर घेऊन वाचलं. पहिला अर्थ होता धाडस. दुसरा, लाजलज्जा सोडून केलेला धीटपणा. "ह्यातली मी कोणती?" "दुसरी," तुम्ही चहा गाळता गाळता म्हणालात, "आणि ऐक, हा शब्द वरच्यानं खालच्याला लावायचा असतो. साहेब मला लावंल, मी तुला लावीन. तू कुणाला लावशील?" मग अर्धा कप चहा दिलात. मला तेव्हा तुमचा इतका संताप आला होता की चहा गोड होता का फिका, तेही सांगता येणार नाही.

त्यानंतर मी कान लावून बसले. आपल्याकडे आगाऊ, निलाजरी, बेशरम, कोडगी असे कितीतरी शब्द आहेत, आणि सासर-माहेर मिळून बहुतेक सगळे माझ्या वाट्याला आले. शेळीला चारा घालणारीला कुणी निलाजरी म्हणत नाही, बरं का. भाव विचारला की म्हणतात. शेळ्या माझ्या, सर. पिलू आजारी पडलं तर उशाशी घेऊन झोपणारी मी. पण बोकड बाजारात न्यायचा ह्यांनी, आणि सौदा व्हायचा रुमालाखाली. दलाल नि विकणारा रुमालाआड एकमेकांची बोटं धरतात. अख्खं बोट धरलं तर एक आकडा, नुसतं पेर धरलं तर दुसरा. बघणाऱ्याला काही दिसत नाही. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा न्हाई, म्हणून बाईनं विकायचंच न्हाई. मला माझं जनावर माझ्या हातानं, मी सांगेन त्या भावाला विकायचं होतं. एवढंच पाहिजे होतं.

ह्या वर्षी बकरी ईदच्या आधी ह्यांना म्हटलं, तुम्ही घरी बसा. बिचारे बसले. बोकड घेऊन मी बाजारात गेले आणि दलालापुढं हात केला. म्हातारा माणूस, मामा म्हणतात सगळे. "अगं, लाजशरम हाये का न्हाई तुला?" म्हटलं, "रुमाल टाका मामा." चार माणसं जमली. त्यानं रुमाल टाकला खरा, पण बाईचा हात म्हणून इतका अवघडला की माझ्या बोटाचं नुसतं टोक चिमटीत धरलं, इंगळी धरावी तसं. आता हे अख्खं बोट म्हणायचं का पेर? घरी ह्यांच्याकडून टॉवेलाखाली सगळं शिकून आल्ते, पण असलं धरणं काही शिकवलं नव्हतं. मी मोठ्यांदा विचारलं, "मामा, बोट धरलंय का पेर? नीट धरा की."

हसले सगळे. मामा तांबडालाल. हात झटकून म्हणाला, "धर रुमाल तुझा, मी न्हाई करत असला सौदा." मी रुमाल उचलून त्याच्याच खांद्यावर नीट घडी करून ठेवला नि म्हटलं, "मंग तोंडानं बोला." तेवढ्यात मागून जालन्याचा एक व्यापारी पुढं आला, बोकडाच्या पाठीवर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव बोलला. "खुल्ला बोलो बाई, हमकू क्या." त्याच्यावर दुसरा बोलला, दुसऱ्यावर तिसरा. शेवटी मामाही बोलला, अगदी तोंडानं, आणि तरीही हरला. बोकड त्या जालनेवाल्यालाच दिला. पुढच्या बाजाराला आमच्या गल्लीतल्या तिघीजणी शेळ्या घेऊन माझ्यासोबत होत्या, त्याच्या पुढच्याला आठ. आता आमच्या ओळीत रुमाल निघतच न्हाई. मामा म्हणतो, "बाया आल्या की घसा बसतो माझा." बसू दे.

सर, मी जिंकले. हे तुमच्यासमोर बसून, तुमचाच चहा पीत सांगायला फार आवडलं असतं. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच एक खरं लिहिते, जे त्या तिघींना सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. मामाच्या पुढं हात केला ना, तेव्हा लाजेनं माझे कान पेटले होते. पदर सारखा करायला दुसरा हात उचलेना. सौदा झाल्यावर टेंपोच्या आड जाऊन मी ओकले. तुमच्या डिक्शनरीत लाज सोडून असं लिहिलंय ते चूक आहे. लाज काही सुटली नव्हती, सर. ती सगळी अंगावर घेऊनच मी हात पुढं केला होता.