संदर्भसूची आणि मानाचा क्रम

१ एप्रिल १९९७, मंगळवार
नियतकालिकाचं पत्र आलं. उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या गावांवरचा माझा लेख स्वीकारला! अट एकच: संदर्भसूची त्यांच्या नमुन्यात करून ३१ मेपर्यंत पाठवायची. अर्ध्या दिवसाचं काम.
आमचे विभागप्रमुख दादासाहेब जूनअखेर रिटायर होतायत. प्राचार्य रणवरेसरांनी स्टाफरूममध्ये उघड सांगितलंय, ज्याचा लेख आधी छापून येईल तो भूगोलाचा विभागप्रमुख. स्पर्धेत मी आणि मनिषा कदम मॅडम. त्या बिचाऱ्या अजून पळसदेवला टेप घेऊन पाण्याची पातळी मोजतायत. मी बारा वर्षं शिकवतोय. कीव आली.
संकल्प: रविवारी सूची पूर्ण.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ९
बसलो. नियम वाचले. आडनाव आधी, मग नावाचं आद्याक्षर, साल, ग्रंथ, पान. पदव्या आणि उपाध्या गाळाव्यात. क्रम आडनावाच्या अक्षरानुसार.
पहिला संदर्भ रणवरेसरांचा, कॉलेजच्या वार्षिक अंकातली प्रस्तावना. नियमाने लिहायचं तर ‘रणवरे, आ.’ ज्या माणसासमोर मी बारा वर्षं खुर्चीत टेकलो नाही त्याला असं लिहू? हात धजेना.
त्यात ‘क’ आधी म्हणजे मनिषा मॅडमचा एम.फिल.चा प्रबंध वर आणि प्राचार्य खाली. हे नियम करणाऱ्याला कुणी वरिष्ठ नसावेत.
दुपारी ३. जेवण जड झालं. उद्या.

९ एप्रिल, बुधवार
मार्ग सापडला! बायकोच्या, जयवंताच्या, चुलतबहिणीची लग्नपत्रिका कन्हेरीहून आली. नावं कशी लावलीयत! आधी गावचे मोठे, मग भावकी, मग मामेमंडळी. कुणाचा अपमान नाही. संदर्भ तसेच लावले. सर्वांत वर मा. प्राचार्य डॉ. आप्पासाहेब रणवरे. मग दादासाहेब. मग सरकारी अहवाल, सरकारचाही मान असतोच. मनिषा मॅडम वयाने लहान, शेवटी.
एकूण चौदा. देखणी यादी झाली.

१६ एप्रिल, बुधवार
यादी स्टाफरूममध्ये टेबलावर राहिली. राहिली म्हणजे मीच ठेवली, लोकांनी बघावी म्हणून. ग्रंथपाल विजयसिंहांनी बघितली आणि चहा न पिता उठून गेले. पुस्तकं कुणी काढून दिली, हा त्यांचा सवाल. रास्त आहे. घातलं. मग जीपने पळसदेवला नेणारे संभाजीमामा रुसले. घातलं. दादासाहेबांनी हळूच विचारलं, माझं नाव दुसरं का? समजूत काढण्यात दोन तास गेले.
बघता बघता आणखी तिघांची भर. एकोणीस.

२७ एप्रिल, रविवार
पळसदेवला जाऊन आलो. बिरदेव आप्पांच्या होडीतून बुडालेलं गाव बघताना त्यांची मुलाखत घेतली होती, तिचं साल सूचीत हवंय. मी तेव्हा लिहून घेतलं नव्हतं. आप्पांना विचारलं. म्हणाले, “देवळाची पायरी उघडी पडली व्हती, त्याच साली.” पायरी दर दुष्काळात उघडी पडते; तो कितवा दुष्काळ, ते त्यांना आठवेना.
निघताना त्यांनी हात धरला. “नाव घालणार आसाल तर थोरल्या भावाचं आदी घाला. न्हायतर मला घरात ऱ्हाणं जड जाईल.”
दोघांची घातली. थोरले भाऊ मला कधी भेटले नाहीत, पण माणूस प्रामाणिक वाटतो.
काठावर मनिषा मॅडम भेटल्या, साडी खोचून गुडघाभर पाण्यात. त्यांची सूची दोन संध्याकाळींत झाली म्हणे. संदर्भ अकरा. अकराला काय सूची म्हणायचं! धीर दिला त्यांना. माझ्या मुलाखतीची साल-पानं लावून द्यायला मदत करते म्हणाल्या. नको म्हटलं. लोक काय म्हणतील.

८ मे, गुरुवार
सत्तेचाळीस. मेव्हणे लोणी देवकरला कारखान्यात आहेत, त्यांनी एकदा उजनीचा नकाशा झेरॉक्स करून दिला होता. त्यांना गाळलं तर घरात अन्न मिळणार नाही.
जयवंता म्हणाली, “लेखाची पानं नऊ आणि नावांची अकरा. तुमी लेख लिवलाय का जेवणाचं आवतान?”
तिला संशोधन कळत नाही. वाईट वाटलं.

२० मे, मंगळवार
एस.टी.ने बारामतीला गेलो, रामहरीच्या प्रेसमध्ये यादी टाईपला दिली. लग्नसराई. टेबलावर पत्रिकांचा ढीग. नमुन्याचे नियम समजावले. तो मान हलवत होता. मला वाटतं कळलं त्याला. २६ला मिळेल.

२९ मे, गुरुवार
आज मिळाली. हातात घेतली. वर ‘श्री बिरोबा प्रसन्न’. दोन बाजूंना कलश. खाली नावं दोन रांगांत, मोठ्यांची जाड टाईपात. शेवटी, ‘कृपया आहेर आणू नयेत.’
रामहरी म्हणाला, “सर, नावंच नावं होती. म्या काय समजायचं?”
ओरडलो त्याच्यावर. मग बघत बसलो. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. परत टाईपला वेळ नव्हता. शेवटची ओळ ब्लेडने खरवडली आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. संपादक मोठे आहेत, मजकूर बघतील, कलश नाही बघणार.

१८ जून, बुधवार
लेख परत. संपादक लिहितात, एकसष्ट नावं आहेत. अडतीस जणांनी कधी काही लिहिल्याचा पुरावा नाही. या अंकात घेता येत नाही. खाली स्वतःच्या अक्षरात: ‘निमंत्रणाबद्दल आभारी आहोत. येणे जमणार नाही.’
म्हणजे ओळ नीट खरवडली गेली नव्हती. रात्री जेवलो नाही. बारा वर्षं ज्या खुर्चीकडे बघत शिकवलं ती गेली. कुणाला सांगू?

१ जुलै, मंगळवार
मनिषा मॅडमचा लेख त्याच नियतकालिकाच्या जुलै अंकात येतोय, तसं पत्र आलं. त्या खुर्चीत बसल्या. पेढे वाटले. पेढा खाल्ला. त्यांचा काही दोष नाही, हेच जास्त लागतं.

१९ जुलै, शनिवार
अंक आला. रणवरेसरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नावाचा असा अपमान झाला म्हणून चिडले असणार. सर अंक उघडून हसत होते. ‘रणवरे, आ.’ या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली होती.
“शेंडगे, दहावा आहे मी. पण छापून आलो.” ते पान ते फ्रेम करणार आहेत.
मग त्यांनी बोट खाली सरकवलं. मनिषा मॅडमनी मलाही घेतलंय. ‘र’नंतर ‘श’. अकरावा, शेवटचा. ‘शेंडगे, हिं. (१९९७), अप्रकाशित लेख.’
घरी अंक दाखवला. जयवंतानं विचारलं, “आलं का नाव?” आलं म्हटलं. तिनं अंक देवापुढं ठेवला.
ओळ बारा वेळा वाचली. नमुना अगदी बरोबर आहे. पान नंबर तेवढा दिलेला नाही. तो कुठून आणतील?